कॉर्टिकोस्टेरॉइड औषधे आणि तातडीचे उपचार

दम्याचा तीव्र झटका आलेला रुग्ण रुग्णालयात आणला जातो, तेव्हा त्याला एक वाक्यही सलग बोलता येत नसते. खांदे वर उचलून आणि मान ताठ करून तो प्रत्येक श्वास कष्टाने ओढीत असतो. डॉक्टर त्याला प्राणवायू लावतात आणि श्वासनलिका रुंदावणारे साल्ब्युटामॉल हे औषध तुषाररूपाने हुंगावयास देतात. त्याच वेळी प्रेडनिसोलोनच्या गोळ्या गिळावयास देतात, किंवा गिळणे शक्य नसल्यास हायड्रोकॉर्टिसोन शिरेतून टोचतात. साल्ब्युटामॉलचा गुण काही मिनिटांतच दिसू लागतो. प्रेडनिसोलोन किंवा हायड्रोकॉर्टिसोन यांचा गुण मात्र स्पष्टपणे दिसण्यास बहुधा चार ते सहा तास लागतात. रुग्णाचा जीव टांगणीला लागलेला असताना, काही तासांनी गुण देणारे औषध पहिल्याच तासात देण्याची घाई कशासाठी करावयाची?

ह्या प्रश्नाचे उत्तर शोधू लागले म्हणजे कॉर्टिकोस्टेरॉइड ह्या औषधवर्गाच्या कार्याचे मर्म ध्यानात येते. ही औषधे कोठे उपयोगी पडतात, कोठे निरुपयोगी ठरतात आणि कोठे घातक होतात, हे त्यांच्या ह्या संथ गतीवरून बरेचसे समजते.

एका ग्रंथीचे दोन भाग

मनुष्याच्या प्रत्येक मूत्रपिंडाच्या माथ्यावर टोपीसारखी बसलेली एक लहानशी ग्रंथी असते. तिला अधिवृक्क ग्रंथी म्हणतात. तिचे वजन अवघे चार-पाच ग्रॅम असते. परंतु तिच्यावाचून मनुष्य जगू शकत नाही. ही ग्रंथी वस्तुतः दोन भिन्न भागांची बनलेली असते. आतील गाभ्याला मध्यक म्हणतात आणि त्याच्याभोवतीच्या जाड थराला बाह्यक म्हणतात. लॅटिन भाषेत झाडाच्या सालीला ‘कॉर्टेक्स’ असे नाव आहे. त्यावरूनच बाह्यकात तयार होणाऱ्या स्टेरॉइड वर्गातील द्रव्यांना कॉर्टिकोस्टेरॉइड हे नाव मिळाले.

मध्यकातून ॲड्रेनॅलीन हे हॉर्मोन स्रवते. अचानक भय उत्पन्न झाले असता छाती धडधडू लागते, ती त्याच्यामुळे. त्याचा परिणाम क्षणात होतो आणि थोड्याच वेळात ओसरतो. बाह्यकातून अनेक हॉर्मोने स्रवतात. त्यांपैकी अल्डोस्टेरोन हे शरीरातील मिठाचे व पाण्याचे प्रमाण राखते, तर कॉर्टिसॉल हे रक्तातील साखर आणि रक्तदाब सांभाळते व दाहाला आवर घालते. औषध म्हणून ज्यांचा प्रस्तुत लेखात विचार करावयाचा आहे ती द्रव्ये म्हणजे हे कॉर्टिसॉल आणि त्याच्याच धर्तीवर प्रयोगशाळेत तयार केलेले त्याचे भाऊबंद होत. हायड्रोकॉर्टिसोन हे कॉर्टिसॉलचेच औषधी नाव आहे. प्रेडनिसोलोन त्याच्या सुमारे चौपट आणि डेक्सामेथासोन सुमारे पंचवीसपट दाहशामक आहे.

निरोगी प्रौढाच्या शरीरात दिवसाकाठी सुमारे १० ते २० मिलिग्रॅम कॉर्टिसॉल तयार होते. पहाटे त्याचे रक्तातील प्रमाण सर्वांत अधिक असते व मध्यरात्रीच्या सुमारास सर्वांत कमी. गंभीर आजार, मोठी जखम किंवा शस्त्रक्रिया अशा प्रसंगी ग्रंथी आपले उत्पादन अनेक पटींनी वाढविते. ह्या उत्पादनाचे नियमन मेंदूकडे आहे. मेंदूच्या तळाशी असलेली पोष ग्रंथी एक हॉर्मोन पाठवून अधिवृक्क ग्रंथीला चालना देते. रक्तात पुरेसे कॉर्टिसॉल जमा होताच मेंदू व पोष ग्रंथी ही चालना कमी करतात. पाण्याच्या टाकीतील तरंगता गोळा जसा पाणी वर चढताच तोटी बंद करतो, तशीच ही व्यवस्था आहे. औषध घेण्याच्या व थांबविण्याच्या नियमांशी तिचा निकटचा संबंध आहे.

शोधाची कथा

ह्या ग्रंथींचे महत्त्व प्रथम दाखवून दिले ते लंडन येथील गाय रुग्णालयाचे डॉक्टर टॉमस ॲडिसन यांनी. अतिशय अशक्तपणा, मंद नाडी, अन्नावरची वासना उडणे आणि त्वचा काळवंडणे ही लक्षणे दिसून हळूहळू मरण पावलेल्या रुग्णांच्या अधिवृक्क ग्रंथी रोगाने ग्रासलेल्या असतात, असे त्यांनी १८५५ साली प्रसिद्ध केले. त्यांपैकी अनेक रुग्णांच्या ग्रंथी क्षयरोगाने नष्ट झाल्या होत्या. भारतात आजही ॲडिसनच्या रोगाच्या महत्त्वाच्या कारणांत क्षयाची गणना होते. पुढच्याच वर्षी ब्राउन-सेकार ह्या शास्त्रज्ञाने प्राण्यांच्या दोन्ही अधिवृक्क ग्रंथी काढून टाकल्या असता ते मरतात, असे दाखविले.

ग्रंथीतील द्रव्ये शुद्ध स्वरूपात वेगळी करण्याचे काम १९३० नंतरच्या दशकात अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये एडवर्ड केंडल यांनी आणि स्वित्झर्लंडमध्ये टाडेउश राइखश्टाइन यांनी स्वतंत्रपणे केले. मेयो क्लिनिकमध्येच फिलिप हेंच हे संधिवाताचे डॉक्टर होते. १९२९ मध्ये एका रुग्णाला कावीळ झाली असता त्याचे सांधे दुखावयाचे थांबले, हे त्यांनी पाहिले. गर्भवती स्त्रियांचाही संधिवात तेवढ्या काळापुरता पुष्कळदा कमी होतो, हेही त्यांच्या लक्षात आले. शरीरच एखादे दाहशामक द्रव्य तयार करीत असावे, असा तर्क त्यांनी बांधला. ते द्रव्य केंडल यांनी वेगळे केलेल्या संयुगांपैकीच असेल काय, हे पाहण्यासाठी सप्टेंबर १९४८ मध्ये संधिवाताने जखडलेल्या एका तरुण स्त्रीला त्यांपैकी एक संयुग टोचण्यात आले. ते कॉर्टिसोन होते. काही दिवसांतच ती स्त्री चालू-फिरू लागली. १९५० चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक केंडल, राइखश्टाइन व हेंच ह्या तिघांना मिळाले.

परंतु आनंदाबरोबर निराशाही आली. औषध थांबविताच रोग परत येई, आणि ते अधिक मात्रेने दीर्घकाळ दिल्यास चेहरा वाटोळा व फुगीर होई, रक्तातील साखर वाढे, हाडे ठिसूळ होत. शिवाय कॉर्टिसोन अतिशय दुर्मिळ होते. बैलाच्या पित्तातील आम्लापासून ते बनविण्यास तीसहून अधिक रासायनिक पायऱ्या ओलांडाव्या लागत. ही अडचण एका बुरशीने दूर केली. कॉर्टिसोनच्या रेणूत एका ठरावीक जागी प्राणवायूचा अणू बसविणे हे रसायनशास्त्रज्ञांना सर्वांत कठीण जाणारे काम. ऱ्हायझोपस जातीची बुरशी ते सहज करते, असे १९५२ मध्ये अमेरिकेत दिसून आले. कच्चा माल म्हणून मेक्सिकोतील रानटी कंदांतील डायोस्जेनिन हे द्रव्य वापरात आले. भारतात हिमालयाच्या वायव्य भागात उगवणाऱ्या कंदांतही हे द्रव्य सापडते. पुढे ते कंद इतके खणले गेले, की आज त्या वनस्पतीच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आहेत.

पेशीच्या आत काय घडते

ॲड्रेनॅलीन पेशीच्या आत शिरत नाही. ते पेशीच्या पृष्ठभागावरील ग्राहींना चिकटते. ग्राही म्हणजे विशिष्ट द्रव्यच स्वीकारणारे प्रथिन. दारावरची घंटा वाजविताच घरातील माणसे हालचाल करू लागतात, त्याप्रमाणे पेशीत आधीपासून तयार असलेली यंत्रणा तत्काळ कामाला लागते. साल्ब्युटामॉल हेही ॲड्रेनॅलीनच्याच एका प्रकारच्या ग्राहींवर कार्य करते; म्हणून तेही मिनिटांत गुण देते.

कॉर्टिसॉलचा मार्ग निराळा आहे. त्याचा रेणू स्निग्ध पदार्थांत विरघळणारा असल्यामुळे तो पेशीच्या आवरणातून सहज आत शिरतो. आत त्याची वाट पाहत असलेला ग्राही त्याला चिकटतो, आणि ही जोडी पेशीच्या केंद्रकात जाऊन पोहोचते. केंद्रकातील डी.एन.ए. रेणूवर जनुके असतात. पेशीने कोणती प्रथिने तयार करावयाची याच्या सूचना ह्या जनुकांत साठविलेल्या असतात. कॉर्टिसॉल व ग्राही यांची जोडी काही जनुकांचे कार्य वाढविते व काहींचे दडपून टाकते.

ह्याचा दाहावर परिणाम कसा होतो? दाह ही मुळात संरक्षणाची क्रिया आहे. जखम किंवा जंतुसंसर्ग झालेल्या जागी रक्तवाहिन्या रुंदावतात, त्यांतून द्रव पाझरतो, सूज येते आणि पांढऱ्या पेशी गोळा होतात. ह्या पेशी परस्परांना रासायनिक निरोप पाठवून आणखी कुमक बोलावितात. कॉर्टिसॉलमुळे हे निरोप तयार करणारी जनुके शांत होतात. त्याच वेळी दाह शमविणाऱ्या काही प्रथिनांचे उत्पादन वाढते. त्यांपैकी ॲनेक्सिन हे प्रथिन, ज्या स्निग्ध द्रव्यांपासून सूज आणणारी प्रोस्टाग्लँडिने बनतात, त्यांचा पुरवठाच अडविते.

तथापि, जनुकाची सूचना वाचली जाऊन तिच्याप्रमाणे प्रथिन तयार होण्यास वेळ लागतो. आधी तयार झालेले दाहकारक निरोप नाहीसे होण्यास आणि पाझरलेला द्रव शोषला जाण्यासही वेळ लागतो. म्हणून स्टेरॉइडची मात्रा कितीही मोठी दिली, तरी हे तास फारसे कमी करता येत नाहीत. मात्रा लवकर देणे एवढेच डॉक्टरांच्या हाती असते.

काळाशी स्पर्धा

आता आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर देता येते. दम्याच्या झटक्यात श्वासनलिका दोन कारणांनी अरुंद होतात. त्यांच्याभोवतीचे स्नायू आवळले जातात आणि त्यांचे आतील अस्तर सुजते. साल्ब्युटामॉल स्नायू सैल करते. परंतु सूज कमी करण्याचे सामर्थ्य त्याच्यात नाही, आणि त्याचा प्रभाव चार ते सहा तासांत ओसरतो. नेमक्या त्याच सुमारास स्टेरॉइडचा प्रभाव सुरू झालेला असावा लागतो. पहिल्या तासात स्टेरॉइड दिल्यास रुग्णालयात दाखल करावे लागणाऱ्या रुग्णांची संख्या घटते, हे अनेक चाचण्यांतून सिद्ध झाले आहे. शिवाय स्टेरॉइडमुळे पेशींवरील साल्ब्युटामॉलच्या ग्राहींची संख्या वाढते व तेही औषध अधिक गुणकारी होते. रुग्णाला गिळता येत असेल तर गोळ्या शिरेतील औषधाइतक्याच उपयोगी पडतात.

हेच तत्त्व इतरत्रही दिसते. लहान मुलांच्या स्वरयंत्राला सूज येऊन कुत्रा भुंकल्यासारखा खोकला येतो व श्वास घेताना घरघर होते. अशा वेळी डेक्सामेथासोनची एक मात्रा तोंडाने दिल्यास काही तासांत सूज उतरते. मेंदूच्या आवरणाला जंतूंमुळे दाह झाला असता प्रतिजैविकाने जंतू मरतात, परंतु फुटलेल्या जंतूंच्या अवशेषांमुळे दाह एकदम भडकतो. म्हणून अशा रुग्णाला डेक्सामेथासोन द्यावयाचे असल्यास ते प्रतिजैविकाच्या पहिल्या मात्रेपूर्वी किंवा तिच्याबरोबरच द्यावे लागते. अकाली प्रसूतीची चिन्हे दिसू लागलेल्या मातेला स्टेरॉइड टोचल्यास पोटातील बाळाची फुप्फुसे लवकर परिपक्व होतात. न्यूझीलंडमधील लिगिन्स व हॉवी यांनी हे १९७२ मध्ये दाखविले. येथेही जन्मापूर्वी सुमारे एक दिवस मिळाला, तरच पुरता लाभ होतो.

मधमाशीचा दंश, एखादे औषध किंवा अन्नपदार्थ यांची तीव्र ॲलर्जी होऊन घसा सुजतो, अंगावर गांधी उठतात आणि रक्तदाब कोसळतो, तेव्हा मात्र क्रम चुकवून चालत नाही. अशा वेळी जीव वाचविणारे औषध ॲड्रेनॅलीन हेच आहे, आणि ते मांडीच्या बाहेरील बाजूच्या स्नायूत विनाविलंब टोचावे लागते. स्टेरॉइड टोचून गुण येण्याची वाट पाहत बसल्यास रुग्ण दगावू शकतो. एकाच ग्रंथीच्या दोन भागांतून ही दोन हॉर्मोने स्रवतात, पण एकाचे काम दुसरे करू शकत नाही.

ह्याहून वेगळा असा एक प्रसंग आहे, की ज्यात स्टेरॉइड हेच मुख्य औषध ठरते. तो म्हणजे अधिवृक्क ग्रंथी निकामी झालेल्या मनुष्यावर ओढवणारे संकट. अशा मनुष्याला ताप आला, अपघात झाला किंवा वांत्या सुरू झाल्या, की त्याची ग्रंथी वाढीव कॉर्टिसॉल पुरवू शकत नाही. रक्तदाब घसरतो, रक्तातील साखर व सोडियम कमी होते, आणि रुग्ण बेशुद्धीकडे जातो. प्रौढाला हायड्रोकॉर्टिसोन १०० मिलिग्रॅम तत्काळ टोचणे आणि शिरेतून सलाइन वेगाने देणे हाच ह्यावरील उपाय होय. रक्तपरीक्षेचा निकाल येईपर्यंत थांबण्यास येथे मुभा नसते. जे द्रव्य शरीरात कमी पडले, तेच येथे परत दिले जाते.

अनुभवाने शिकविलेली सावधगिरी

सूज कमी करणारे औषध प्रत्येक सुजेवर हितकारकच असेल, असा तर्क करणे सोपे आहे. डोक्याला गंभीर मार लागल्यावर मेंदूला सूज येते, म्हणून अशा जखमींना अनेक वर्षे स्टेरॉइड देण्यात येत असे. अखेर दहा हजारांहून अधिक जखमींवर अनेक देशांत मिळून एक मोठी चाचणी घेण्यात आली. अर्ध्यांना मिथिलप्रेडनिसोलोन व अर्ध्यांना औषधविरहित द्रव देण्यात आला. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार दोन आठवड्यांत औषध मिळालेल्यांपैकी २१.१ टक्के, तर न मिळालेल्यांपैकी १७.९ टक्के रुग्ण मरण पावले. समंजस वाटणारा उपचार प्रत्यक्षात जीव घेत होता. तेव्हापासून डोक्याच्या दुखापतीत हा उपचार करू नये, असे ठरले.

कोविडच्या साथीत २०२० मध्ये ब्रिटनमध्ये झालेल्या चाचणीने दुसरा धडा दिला. दररोज ६ मिलिग्रॅम डेक्सामेथासोन जास्तीत जास्त दहा दिवस दिल्यावर, कृत्रिम श्वसनयंत्रावर असलेल्या रुग्णांतील २८ दिवसांतील मृत्यूंचे प्रमाण ४१.४ टक्क्यांवरून २९.३ टक्क्यांवर आले. केवळ प्राणवायू लागणाऱ्यांत ते २६.२ वरून २३.३ टक्क्यांवर आले. परंतु ज्यांना प्राणवायूची गरजच नव्हती, त्यांना औषधाचा लाभ झाला नाही. त्यांच्यात मृत्यूंचे प्रमाण औषध घेणाऱ्यांत १७.८ टक्के व न घेणाऱ्यांत १४ टक्के होते. आजाराच्या आरंभी विषाणूंची वाढ होत असते व तिला तोंड देण्यासाठी शरीराला आपली प्रतिकारशक्ती हवी असते. पुढे फुप्फुसांची हानी मुख्यतः अनावर दाहामुळे होऊ लागते, आणि तेव्हाच स्टेरॉइड उपयोगी पडते.

हा भेद न पाळल्याचे परिणाम भारताने २०२१ च्या दुसऱ्या लाटेत पाहिले. प्राणवायूची गरज नसलेल्या अनेकांनी घरच्या घरी स्टेरॉइडच्या गोळ्या घेतल्या. काहींनी त्या मोठ्या मात्रेने व गरजेपेक्षा अधिक दिवस घेतल्या. स्टेरॉइडमुळे रक्तातील साखर वाढते व प्रतिकारशक्ती मंदावते. त्यात अनियंत्रित मधुमेहाची भर पडली, आणि म्यूकरमायकोसिस, म्हणजे लोकांच्या बोलण्यातील ‘काळी बुरशी’, महाराष्ट्र, गुजरात व इतर राज्यांत मोठ्या प्रमाणावर आढळू लागली. अनेकांचे डोळे व जबडे शस्त्रक्रियेने काढावे लागले, आणि कित्येक जण प्राणास मुकले. त्या वर्षी मे महिन्यात केंद्र शासनाने ह्या रोगाची नोंद सक्तीची करण्यास राज्यांना सांगितले.

औषध थांबविताना

दम्याच्या झटक्यासाठी पाच-सात दिवस घेतलेल्या गोळ्या बहुधा एकदम थांबविता येतात. परंतु अनेक आठवडे रोज स्टेरॉइड घेतल्यास निराळी परिस्थिती उत्पन्न होते. टाकी बाहेरूनच भरली जात असल्यामुळे तरंगता गोळा सतत वर राहतो व तोटी बंदच राहते. पोष ग्रंथीची चालना थांबते आणि अधिवृक्क ग्रंथीचे बाह्यक वापराअभावी आक्रसते. अशा वेळी गोळ्या अचानक बंद केल्या, तर वर वर्णन केलेले संकट औषधामुळेच ओढवते. म्हणून डॉक्टर मात्रा हळूहळू कमी करीत नेतात, आणि ग्रंथी पुन्हा कार्यक्षम होण्यास कधी कधी अनेक महिने लागतात. दरम्यान मोठा आजार किंवा शस्त्रक्रिया उद्भवल्यास मात्रा तात्पुरती वाढवावी लागते.

ह्यावरून दोन गोष्टी सर्वसामान्य माणसाने ध्यानात ठेवण्याजोग्या आहेत. सांधेदुखीवर किंवा दम्यावर हमखास गुण देणारी म्हणून विकली जाणारी बिननावाची पूड अथवा गोळी घेऊ नये; अशा औषधांत स्टेरॉइड मिसळलेले अनेकदा आढळले आहे, आणि आपण काय घेतो आहोत व ते थांबविल्यास काय होईल, हे घेणाऱ्याला ठाऊकच नसते. दुसरी गोष्ट अशी, की जो मनुष्य डॉक्टरांच्या सल्ल्याने दीर्घकाळ स्टेरॉइड घेत आहे, त्याने औषधाचे नाव व मात्रा लिहिलेली चिठ्ठी सदैव जवळ बाळगावी. अपघातात बेशुद्ध झालेल्या रुग्णाला बोलता येत नाही. त्याच्या खिशातील ती चिठ्ठी वाचून डॉक्टर हायड्रोकॉर्टिसोन वेळेवर देऊ शकतात, आणि ह्या औषधाच्या बाबतीत वेळ गाठणे हेच उपचाराचे निम्मे काम असते.